ठसक्याचं मिनिट

मिहीर आणि अन्वी,

परवा सकाळी खिडकी उघडली आणि पहिल्याच श्वासाला घसा धरला. म्हटलं, आली. यंदा पाऊस लांबला म्हणून पथारीवरची मिरची उशिरा आली, पण आली. पथारी म्हणजे आपल्या घरासमोरच्या रस्त्यापलीकडची ती उघडी जमीन, जिथे व्यापारी ओली लाल मिरची वाळत घालतात. अन्वी, तू लहान असताना गच्चीवरून बघून विचारलं होतंस, एवढा मोठा गालिचा कोणी टाकला? आणि मग अर्धा तास शिंकत बसली होतीस.

मला आता गच्चीवर चढवत नाही. खालच्या खिडकीतून लाल रंगाची एक पट्टी दिसते, तिच्यामागे तुरीचं शेत, आणि हवा स्वच्छ असली तर अगदी मागे सातपुड्याची निळी रेघ. वारा तिकडचा असला की घरातली माणसं आळीपाळीने खोकतात. नंदुरबारात नव्याने बदलून आलेले लोक याची तक्रार करतात. आपल्याकडे कोणी करत नाही. डोळे पुसायचे आणि कामाला लागायचं.

या वासाबरोबर दरवर्षी काही ना काही आठवायचं. लग्न होऊन आले तो महिना, तुमच्या वडिलांची दहावीची परीक्षा, तुमच्या आजोबांचं दुखणं. आता दोन वर्षं झाली, फक्त एकच हंगाम आठवतो. तो तुम्हाला सांगायचा राहिला आहे. मागच्या रविवारी फोनवर मिहीरने विचारलं, “आजी, पण गोरखकाका फिट आहे की नाही हे बघायचं काम नक्की कोणाचं होतं?” मी म्हटलं, गॅसवर चहा आहे, उतू जाईल, आणि फोन ठेवला. चहा ठेवलाच नव्हता. बत्तीस वर्षं शाळेत मुलांना प्रश्न विचारले, आणि नातवाच्या एका प्रश्नाला असं उत्तर दिलं. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. मलाही लिहायला वेळच लागतो आहे, आपण बरोबरीने जाऊ.

गोरख हा तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याचे वडील लवकर गेले. त्याची आई सुमन माझी जाऊ. दोन घरांमध्ये एक कुंपण आहे, त्याला फाटक कधी बसवलंच नाही. गोरख फौजेत नाईक आहे. नाईकाच्या वर हवालदार. हवालदार व्हायचं तर एक प्रशिक्षण पार करावं लागतं. दहा-बारा माणसं घेऊन कसं जायचं, त्यांना हुकूम कसा द्यायचा, त्यांना शिकवायचं कसं, हे सगळं तिथे घोटून घेतात. पण दारातच पहिल्या सकाळी पळवतात. पाच किलोमीटर, ठरलेल्या वेळात. जो वेळेत येत नाही त्याची बॅग त्याच संध्याकाळी परत पलटणीच्या वाटेला लागते. आणि वयाची, नोकरीच्या वर्षांची एक रेषा असते. ती ओलांडली की हा रस्ता बंद, मग नाईक म्हणूनच घरी यायचं. गोरख त्या रेषेच्या जवळ आला होता.

त्या वर्षी तो डिसेंबरच्या शेवटी दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला. सुट्टी संपली की परस्पर प्रशिक्षणालाच हजर व्हायचं होतं. येताना पलटणीने भरून दिलेला कागद त्याच्याजवळ होता. कागद इंग्रजीत, म्हणून त्याने तो मला वाचायला दिला. त्यातली एक ओळ अशी होती की या जवानाची शारीरिक चाचणी घेतली असून तो योग्य आढळला आहे. खाली सुभेदारांची सही, त्याखाली शिक्का.

“कोणी घेतली रे चाचणी?” मी विचारलं.

गोरख हसला. “मी तव्हय स्टोरमा व्हतू, मोठी माय. पयाले टाईमच नही भेटना. सुभेदार सायेब म्हने, तू ते पयसच. सही करी टाकी.”

म्हणजे तो गोदामात सामानाच्या कामावर होता, पळायला वेळ मिळाला नव्हता, आणि सुभेदारसाहेबांनी मायेने सही केली होती. मी कागद घडीवर घडी करून परत दिला. त्या क्षणी मला काहीही वावगं वाटलं नाही, हे मी तुम्हाला खरं सांगते. उलट वाटलं, बरं झालं, साहेब चांगले आहेत.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. म्हणाला, तुमच्याकडे घड्याळ आहे, तुम्ही वहीत लिहिता, माझी वेळ तुम्ही लावा. मला बरं वाटलं. निवृत्त झाल्यावर माझी शिस्त फक्त गोळ्यांच्या डब्यापुरती उरली होती, तिला काम मिळालं. दोनशे पानी वही काढली, पट्टीने रेघा आखल्या. तारीख, सुरुवात, शेवट, लागलेला वेळ, शेरा.

साडेसहाला अंधुक उजाडलेलं असायचं. थंडी एवढी की वरच्या गॅलरीत उभं राहायला दोन शाली लागायच्या. समोर पथारीवर धुकं आणि धुक्याखाली ओली मिरची. पथारीवरच्या वजनकाट्यापासून निघून कालव्याच्या पुलापर्यंत जायचं आणि यायचं, असे दोन फेरे. अंतर गोरखने फोनवर मोजून घेतलं होतं, त्यात चूक नव्हती. पहिल्या दिवशी तो आला तो खोकतच. काट्याजवळ वाकून उभा राहिला, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. ठरलेल्या वेळेपेक्षा दीड मिनिट जास्त लागलं होतं.

मी वही घेऊन खाली आले, तर सुमन ओट्यावर शेकोटीशी बसली होती. ती म्हणाली, “ते मिरचीनं व्हयनं. तठे कोठे मिरची शे?”

बोलणं खरंच होतं. प्रशिक्षणाचं ठिकाण डोंगरात, तिथे स्वच्छ हवा. तिथे ठसका कसला लागणार? मी शिक्षिका. परिस्थिती बघून गुण देणं मला नवीन नव्हतं. वहीत एक नवा रकाना आखला: सूट. त्यात लाल शाईने लिहिलं, ठसका, एक मिनिट.

सरला, गोरखची बायको, पाण्याची बादली घेऊन उभी होती. ती वाकून वहीत बघत म्हणाली, “मोठी माय, तठला घड्याळमा हाई मिनिट ऱ्हाई का?”

तिथल्या घड्याळात हे मिनिट असेल का, असं विचारत होती. सुमनने मान न वळवता सांगितलं, “तू चहा ठेव.” सरला चहा ठेवायला गेली. मी वही मिटली. या घरात सुनेच्या प्रश्नाला चहा हे उत्तर फार वर्षांपासून आहे. मलाही ते कितीदा तरी मिळालेलं आहे.

त्या दोन महिन्यांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर जेवणं. फौजी सुट्टीवर आला की त्याला घरोघरी जेवायला बोलावतात. नाही म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. कोणाकडे बट्टी, तुपात बुडवलेली. कोणाकडे शेतावर काट्याकुट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी. गोरखच्या मावशीकडे खापरावरची पुरणपोळी, एकेक परातीएवढी, आणि बरोबर झणझणीत रसी, पुरणाच्या पाण्याची आमटी. मीही तिथे होते. गोरखने दुसऱ्या पोळीला हात आडवा धरला.

“मावशी, बस. मना पेपर शे. पयाना पेपर.”

“पेपर शे ते पेन ली जाय. पोट काब्र उपाशी ठेवस?” मावशीने त्याच्या हातावरच पोळी टाकली. “आन हाडं दिखी ऱ्हायनात तुनी. सरकार जेवू घालत नही का?”

सगळे हसले. गोरखने पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पळताना त्याच्या कुशीत कळ आली. मी ‘सूट’च्या रकान्यात लिहिलं, जेवण, अर्धं मिनिट. पुढच्या आठवड्यात भाचीचं लग्न होतं, रात्रभर नाचणं झालं. लग्न, अर्धं मिनिट. एक दिवस धुकं फार होतं. मी वही आत्ता समोर घेऊन बसले आहे. अक्षर सुरेख आहे, रेघा सरळ आहेत. एका पानावरसुद्धा खाडाखोड नाही.

पथारीवर धडगावकडच्या बाया कामाला असतात. तोंडाला फडकं गुंडाळून दिवसभर मिरचीचे देठ खुडतात. त्यांच्यातली मोगीबाई प्यायला पाणी न्यायला आपल्या नळावर यायची. घरी ती पावरी बोलते, माझ्याशी मोडकं मराठी. होळी जवळ आली की व्यापाऱ्याने कितीही विनवण्या केल्या तरी ती आणि तिच्या गावच्या बाया टोपली खाली ठेवून डोंगरात निघून जातात. त्या बाबतीत सूट नाही. एकदा तिने गोरखला पळताना पाहून मला विचारलं, “हा माणूस रोज कोणाच्या भ्यानं पळतो?”

“कोणाच्या नाही गं. घड्याळाच्या,” मी म्हटलं.

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. “घड्याळ तर तुझ्याच हातात आहे. मग त्याला कशाला पळवते? तू काटे फिरव ना.”

मी हसले. ही गोष्ट मी त्या वेळी सगळ्यांना विनोद म्हणून सांगितली होती.

संध्याकाळी मात्र गोरख वेगळाच माणूस असायचा. प्रशिक्षणात पाच मिनिटांचा एक धडा घ्यावा लागतो, समोर जवान आहेत असं समजून. त्याची तयारी तो आमच्यावर करायचा. ओट्यावर मी, सुमन आणि सरला, तिघी जवान. तो ताठ उभा राहून म्हणायचा, आजचा विषय, होकायंत्राशिवाय उत्तर दिशा शोधणे. सूर्य, सावली, काठी, सगळं जमिनीवर रेघा मारून दाखवायचा. शेवटी विचारायचा, कोणाला शंका?

“उत्तर शोधाले काठी काब्र?” सुमन म्हणायची. “सातपुडा शे ना तठे. दिखत नही का तुले?”

“माय, सगळीकडे सातपुडा नसतो.” शिकवताना तो शाळेतलं मराठी बोलायचा.

“मंग अशा गावमा जावानंच कशाले?”

सरला हसून हसून भिंतीला टेकायची. पण गोरख चिडायचा नाही. थांबायचा, हसू ओसरू द्यायचा, आणि मग सुमनलाच उठवून तिच्या हातात काठी द्यायचा. तिसऱ्या वेळी सुमनने सावली बघून उत्तर बरोबर दाखवली आणि स्वतःच चकित होऊन उभी राहिली. मी आयुष्यात पुष्कळ शिक्षक पाहिले. मी स्वतः कशी होते तेही मला माहीत आहे. गोरख माझ्यापेक्षा चांगला शिकवत होता. त्याच्या हाताखाली दहा पोरं दिली असती तर त्यातलं एकही मागे राहिलं नसतं. म्हणूनच कदाचित आम्ही पायांकडे कमी पाहिलं. शिकवणं इतकं सुरेख आहे, मिनिटभराने काय अडतं, असं वाटायचं.

निघायच्या आदल्या दिवशी मी शेवटची वेळ लिहिली. सूट वजा करून तो वेळेच्या आत होता. खाली मी सही केली. कोणी मागितली नव्हती. हाताची सवय.

चौथ्या दिवशी तो फोनवर होता. म्हणाला, “मोठी माय, आऊट व्हई गयू.”

किती वेळाने चुकला ते मी विचारलं. पन्नास सेकंद, तो म्हणाला. हवा स्वच्छ होती, कोणी खोकत नव्हतं. पळून आल्यावर तिथल्या प्रशिक्षकाने त्याचा कागद हातात धरून विचारलं होतं, यावर लिहिलंय योग्य आढळला, तुला तपासलं कोणी? गोरखने सुभेदारांचं नाव घेतलं नाही. माझं तर घेण्याचा प्रश्नच नव्हता. तो म्हणाला, साहेब, मीच तयारीत कमी पडलो.

तो परत पलटणीला गेला. इकडे गल्लीत प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. सुमनचा राग त्या प्रशिक्षकावर, पन्नास सेकंदांसाठी माणसाला दारातून परत पाठवतो म्हणजे काय. मावशीचं मत पडलं की पलटणीने आधी नीट तयारी करून घ्यायला हवी होती. आणखी कोणी म्हणालं, पळणाऱ्याचे पाय, पळणाऱ्याची जबाबदारी. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. माझ्या कपाटात वही होती.

मिहीर, शाळेत एक शब्द होता, ढकलपास. मूल वर्गात नापास असलं तरी पुढच्या वर्गात ढकलायचं. निकालाच्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत तक्ते पसरलेले असायचे आणि कोणीतरी म्हणायचं, बाई, तीन मार्कांसाठी मुलीचं वर्ष कशाला घालवता, घरचे लग्न लावून टाकतील. ते खोटं नव्हतं, खरंच लावून टाकायचे. मग मी तीन गुण द्यायचे. जूनमध्ये तीच मुलगी नववीच्या मागच्या बाकावर बसायची, पुस्तक उघडून, डोळे खिडकीबाहेर. नववीच्या बाई म्हणायच्या, आठवीत काय शिकवलं हिला? आम्ही म्हणायचो, सातवीतून अशीच आली. दहावीच्या बोर्डात तिचा पेपर आमच्या ओळखीचं नसलेलं कोणीतरी तपासायचं, आणि मग गावभर त्या अनोळखी माणसाला शिव्या.

मला त्या अनोळखी माणसाचा राग कधी येऊ नये असं वाटतं. येतोच. पण साखळीत खरं घड्याळ त्या एकाच्याच हातात असतं.

माझं म्हणणं विचारशील तर, जो पाठवतो त्याने जबाबदारी घ्यावी. जवानाला प्रशिक्षणाला पाठवण्याआधी त्याच्या पलटणीनेच त्याला पळवून बघायला हवं, निघायच्या आठवड्यात, सुट्टीच्या आधी नव्हे. तेव्हा नापास झाला तर घरच्या अंगणात पडल्यासारखं असतं, उठून पुन्हा पळता येतं. दारात गेल्यावर पडला तर सगळ्यांसमोर पडतो. इतकं साधं आहे. पण मी जेव्हा जेव्हा हे मनात मांडते तेव्हा एका ठिकाणी येऊन बसते. पाठवणारा माणसाला ओळखतो. त्याने त्याच्याबरोबर बर्फात रात्री काढलेल्या असतात, त्याच्या मुलांची नावं त्याला पाठ असतात. ओळखतो म्हणूनच खरं तपासू शकतो, आणि ओळखतो म्हणूनच तपासत नाही. सुभेदारांनी सही केली, मी रकाना आखला, मावशीने पोळी वाढली. यात कोणी गोरखचं वाईट चिंतणारं होतं का? एखादं असतं तर बरं झालं असतं, निदान राग ठेवायला जागा मिळाली असती. या वयात स्वतःवर रागवायलाही ताकद लागते. पंधरा मिनिटं लिहिलं की मी डोळे मिटून बसते आणि मग पुढची ओळ लिहिते.

गोरखला एक संधी आणखी मिळाली. ती शेवटची, हे त्याला लेखी कळवलेलं आहे. आणि फिरून तोच हंगाम. या नोव्हेंबरच्या शेवटी तो सुट्टीवर आला, तेव्हा पथारी अजून रिकामीच होती. आदेश तोच, सुट्टी संपली की परस्पर हजर व्हा. जुने सुभेदार पेन्शनवर गेले, नवे आले, पण कागदावर ओळ तीच. “ह्याई टाईमले बी पयाडं नही,” गोरख म्हणाला. या वेळीही कोणी पळवून पाहिलं नव्हतं.

तो या वेळी नवं घड्याळ घेऊन माझ्याकडे आला. मी म्हटलं, मोतीबिंदू झालाय, काटे दिसत नाहीत. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं त्याला कळलं असावं, कारण त्याने आग्रह केला नाही. ओट्यावर सरला गहू निवडत होती. त्याने घड्याळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, “तू धर.”

सरलाने सूप बाजूला ठेवलं. घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं, मग मनगटावर बांधलं. तिने वही मात्र ठेवली नाही. रोज फक्त एक आकडा तोंडाने सांगते. जेवणाची आमंत्रणं तीच नाकारते, दारातच, हात जोडून. दीड महिन्यात तीन घरांशी बोलणं बंद झालं आहे. मावशी तर म्हणाली, “फौजमा तो शे का तू शेस?” सरलाने उत्तर दिलं, “पगार एकच येस, मावशी. घर दोघंस्नं शे.” सुमनने दोन दिवस तिच्या हातचा चहा घेतला नाही.

आणि तो सुधारला. मला दिसत नाही पण ऐकू येतं, काट्याजवळ त्याच्या बुटांचा आवाज आता घसटत येत नाही. पस्तिशीच्या माणसाने महिन्याभरात जेवढं कमवायचं तेवढं त्याने कमावलं. मग परवापासून मिरची आली.

आज सकाळी शेवटची फेरी होती. उद्या रात्रीच्या गाडीचं आरक्षण आहे. मी शाल घेऊन बाहेर खुर्चीवर बसले होते. सुमन ओट्यावर. गोरख आला, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. सरलाने घड्याळाकडे पाहिलं.

“वीस सेकंद जास्त,” ती म्हणाली.

“वीस सेकंद!” सुमन उठलीच. “वीस सेकंदमा ते माणूस शिंकस. वासच पाय ना कितला सुटेल शे!”

“शिंकू द्या, आत्याबाई,” सरला सासूला म्हणाली. “वीस सेकंद शेत.”

“तू बाई शेस का पहारेकरी? तठे मिरची ऱ्हाई का? सांग. तठे हवा चांगली. जाई, पयी, पास व्हई.” मग ती माझ्याकडे वळली. “ताई, तुम्ही सांगा हिले.”

तिघंही माझ्याकडे बघत होते. गोरखसुद्धा. त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता आणि डोळे लाल होते, आणि त्या डोळ्यांत अगदी थोडी, बोटभर, आशा होती. मी ती आशा पुष्कळ निकालांच्या दिवशी पाहिलेली आहे. खरं तर सुमनचं चूक नव्हतं. तिथे मिरची नसेल. कदाचित वीस सेकंद निघाले असते. ‘कदाचित’ म्हणायला माझी जीभ उचलली गेली होती.

“वीस सेकंद कमी पडलेत, गोरख,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “मला यापेक्षा जास्त काही माहीत नाही.”

सुमन आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. सरलाने घड्याळ सोडून हातात घेतलं आणि ती त्याचा पट्टा बोटांवर गुंडाळत, सोडत होती हे मला मोतीबिंदूतूनही दिसलं. पेन्शनपर्यंत नाईक म्हणजे काय, याचा हिशोब त्या अंगणात तिच्याइतका कोणालाच नीट येत नसेल.

गोरख ओट्यावर बसला. पाणी प्यायला. मग त्याने फोन काढून नव्या सुभेदारांना लावला. आमच्याकडे आवाज नीट येत नाही म्हणून तो स्पीकर लावूनच बोलतो. त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. फौजेत एकमेकांशी हिंदी बोलतात, म्हणून तसंच लिहिते.

“साहब, नाईक गोरख. मैं अभी पास नहीं हूँ. बीस सेकंड कम पड़ रहे हैं.”

“अरे, वहाँ जाके हो जाएगा. काग़ज़ तो चला गया ऊपर.”

“पिछली बार भी काग़ज़ चला गया था, साहब.”

पलीकडे कोणीतरी दार लावल्याचा आवाज आला. “तेरा लास्ट चान्स है. पता है ना? यहाँ से नाम कटा तो कटा.”

गोरखने सरलाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती. मान मात्र तिने हलवली. “पता है साहब.”

“सोच ले.”

“सोच लिया.”

सुभेदारांनी मोठा श्वास सोडला. ते चांगले असावेत, आवाजावरून तरी वाटलं. “ठीक है. सीट ख़ाली नहीं जाने दे सकता. तेरी जगह दूसरे को भेजता हूँ, वो गोदामवाला नाईक, नया लड़का. काग़ज़ आज ही बना देता हूँ.”

मला वाटलं, झालं, आता तो फोन ठेवेल. सरलाही आत जायला वळली होती. पण गोरखने फोन तोंडाजवळ नेला.

“साहब, उसको दौड़ाया है?”

समोर काट्यावर पहिली गाडी येऊन उभी राहिली, तिच्या इंजिनाचा आवाज बंद झाला.

“नहीं,” सुभेदार म्हणाले. मग थांबून म्हणाले, “आज शाम को दौड़ाता हूँ. घड़ी लेके मैं ख़ुद खड़ा रहूँगा.”